गावाच्या ग्रुपवर बहिणीची टवाळी चालली आहे. तिने व्हिडिओ बंद करावेत का?

प्रश्न: शेतकरी, दारव्हा तालुका, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. माझी धाकटी बहीण कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सुटीत घरी आली की आमच्याच शेतात उभी राहून कपाशीवर लहान लहान व्हिडिओ करते. मागच्या हंगामात तिने एक डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेले फूल, हातात घेऊन पाकळ्या अलगद उलगडल्या, आतली गुलाबी बोंडअळी दाखवली आणि अशी फुले तोडून नष्ट का करायची, नर पतंगांना गंधाने ओढून पकडणारे कामगंध सापळे कशासाठी लावायचे, हे आपल्या वऱ्हाडी बोलीत समजावून सांगितले. माहिती चुकीची आहे, असे एकानेही म्हटले नाही. प्रतिक्रिया आल्या त्या तिच्या रंगावर, बोलण्याच्या ढबीवर आणि लग्नावर.

अनोळखी लोकांचे ते बोलणे तिने फारसे मनावर घेतले नव्हते. परंतु पुढे गावातल्याच कोणीतरी, बोलता बोलता तिचा चेहरा वाकडा दिसतो तो क्षण पकडून त्याचे स्टिकर केले आणि आता व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी सोयाबीनचा भाव विचारला तरी उत्तरादाखल तेच येते. पिठाच्या गिरणीवर पोरे तिचेच वाक्य तिला ऐकवतात, म्हणून तिने दळण आणायला जाणे सोडले आहे. तिच्या नावाने एक खोटे खातेही निघाले आहे. वडील म्हणतात, मोबाइल ठेवून दे, उगाच बोभाटा नको. मला ते पटत नाही, पण दुसरे काय करावे हेही सुचत नाही.

उत्तर: निवृत्त शिक्षिका, वर्धा जिल्हा

तुमच्या वडिलांची काळजी मी समजू शकते, पण मोबाइल काढून घेणे म्हणजे ज्याने खोडी काढली त्याला मोकळे सोडून जिची खोडी काढली तिलाच शिक्षा करणे होय, आणि मुलगी ते नेमके ओळखते. शहरातल्या माणसाला मोबाइलचा पडदा बंद करून निदान घराबाहेर पडता येते. खेड्यात तेच शब्द एस.टी.च्या थांब्यावर, गिरणीवर आणि लग्नाच्या पंगतीत भेटतात. म्हणून दूरच्या अनोळखी माणसाने जे लिहिले त्यापेक्षा ते गावात वाहून आणणाऱ्या ओळखीच्या माणसाने केलेली जखम अधिक खोल असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशी टवाळी करणारे सगळे मुळातच दुष्ट असतात असेही नाही. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी 2017 मध्ये दाखवून दिले की मन बिघडलेले असताना आणि आधीच्या कोणीतरी वाईट लिहिलेले समोर असताना साधी माणसेही तसेच लिहू लागतात. यामुळे त्यांचा दोष कमी होत नाही, पण पहिल्यांदा पाठवणाऱ्याला लवकर अडवणे का आवश्यक आहे, ते यातून कळते. ग्रुपवर उपदेश लिहू नका, कारण त्यावरही स्टिकरच येईल. गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला सोबत घेऊन त्या मुलाच्या घरी जा आणि त्याच्या आईवडिलांसमोर बोला.

उत्तर: ग्रुप ॲडमिन, गोंदिया जिल्हा

सदस्याच्या मजकुरासाठी, समान हेतू, म्हणजे त्यातही ॲडमिनचा सहभाग होता हे, सिद्ध झाल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले, आणि ते प्रकरण आमच्याच जिल्ह्यातले होते. तेव्हापासून अनेक ॲडमिन निश्चिंत झाले आहेत, आणि याचेच मला वाईट वाटते. शिक्षा होणार नाही म्हणून कर्तव्य संपत नाही. ॲडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसता येतो आणि सदस्याला काढताही येते. तुमच्या ॲडमिनकडे एवढी मागणी नाव घेऊन करा.

उत्तर: आशा स्वयंसेविका, धारणी तालुका

कोरोनाच्या लसीकरणाच्या काळात माझा फोटो घाणेरड्या मजकुरासह फिरवला गेला होता, त्यामुळे तुमच्या बहिणीचे मौन मला ओळखीचे वाटते. प्रत्येक जण मला “दुर्लक्ष कर” म्हणत होता. दुर्लक्ष दिवसा कामाच्या धबडग्यात जमते. रात्री मात्र अंथरुणावर पडले की तेच शब्द पुन्हा आठवतात, आणखी कोणी काय लिहिले ते पाहण्यासाठी हात आपोआप मोबाइलकडे जातो, आणि सकाळी ज्या घरात तपासणीला जायचे त्या घरातल्या माणसांनीही ते पाहिले असेल का, हाच विचार उंबरठ्यावर पाय अडवतो.

तिला धीट हो म्हणू नका. पुरावे जमवण्याचे काम तुम्ही स्वतःकडे घ्या, म्हणजे तिला ते पुन्हा पाहावे लागणार नाही, आणि गिरणीवर काही दिवस तिच्यासोबत जा. झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, तर 14416 या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर तिला विनामूल्य आणि मराठीत बोलता येईल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. स्टिकर करणारा बहुधा आमचा चुलतभाऊच आहे आणि धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादावरून दोन्ही घरांत आधीच अबोला आहे. अशा स्थितीत तक्रार केली तर ती भाऊबंदकीतून केली, असे लोक म्हणतील.

उत्तर: वकील, अमरावती जिल्हा

असे असेल तर दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. स्टिकरचा विषय आधी वडीलधाऱ्यांमार्फत मांडा, पण खोट्या खात्याची तक्रार थांबवू नका, कारण ती कोणाचेही नाव न घेता अज्ञात व्यक्तीविरुद्ध करता येते आणि खाते कोणी उघडले हे शोधणे पोलिसांचे काम आहे.

अपमानास्पद संदेशासाठी पूर्वी वापरले जाणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले, त्यामुळे प्रत्येक कडवट शेरा गुन्हा ठरत नाही. मात्र दुसऱ्याची ओळख वापरणे त्याच कायद्याच्या कलम 66क आणि 66ड खाली येऊ शकते, आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने मजकूर लिहिला असेल तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 79 पाहावे लागते. काहीही पुसू नका. क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, खात्याची लिंक लिहून ठेवा आणि ज्या मोबाइलवर ते आले तो तसाच जपा. ज्या ॲपवर ते खाते आहे त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही कळवा. तोतयेगिरीचा मजकूर हटवण्यासाठी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी 24 तासांची मुदत घालून दिली होती. 1930 हा सायबर मदतक्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यामुळे ही तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा थेट ठाण्यात द्यावी, आणि दखलपात्र गुन्ह्याबाबत हद्दीचे कारण सांगून ठाण्याला ती नाकारता येत नाही.

तुमची बहीण सज्ञान आहे. तक्रारीवर सही तिची लागेल, वडिलांची नाही, म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी तिला काय हवे आहे ते तिलाच विचारा.