मिस्टर महिनाभर केनियाच्या मिशन हॉस्पिटलात जायचं म्हणतायत, तिथला दिवस नेमका कसा असतो?

सुनंदा_सांगली

नमस्कार मंडळी. माझे मिस्टर जनरल सर्जन, वय 54, सांगलीत आमचं छोटं हॉस्पिटल आहे. आम्ही मूळचे मिरजेकडचे ख्रिस्ती, त्यामुळे मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी 1894 ला मिरजेत हॉस्पिटल काढलं नि कुठून कुठून लोक यायचे ह्या गोष्टी घरात लहानपणापासून ऐकलेल्या. आता ह्यांच्या डोक्यात बसलंय की तेव्हा कोणीतरी घरदार सोडून आपल्याकडे आलं होतं, मग आपण महिनाभर तरी कुठे जायला काय हरकत आहे. चार आठवडे, पश्चिम केनिया, डोंगरातलं मिशन हॉस्पिटल. पगार नाही, तिकीट आपलं, राहायचे पैसेपण आपणच भरायचे. माझा विरोध नाहीये हो, पण दिवसभर तिथे करणार काय असं विचारलं की "ऑपरेशनं, अजून काय" एवढंच उत्तर मिळतं. ह्यांना शुगर आहे, जेवायला उशीर झाला की चिडतात. कोणी जाऊन आलं असेल तर खरं खरं सांगा, फोटोत दिसतं ते नको.

टाका_दोरा

ताई, मी दोनदा जाऊन आलोय, तुमचे मिस्टर म्हणतात त्याच पट्ट्यात. मी नाशिकला असतो. सविस्तर लिहितो, कारण मला जायच्या आधी कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी सहाला जाग येतेच, थंडी असते, आफ्रिका म्हणून मी नुसते हाफ शर्ट घेऊन गेलो नि पहिल्याच दिवशी कुडकुडलो. सात-साडेसातला सगळा स्टाफ प्रार्थनेला जमतो, गाणी, थोडं वचन, मग रात्रीच्या पेशंटचा हिशोब. मग राउंड. थिएटर साडेआठच्या आसपास चालू. चाकू लावायच्या आधी प्रार्थना होते, आणि ती देखावा म्हणून नाही, आपल्याकडे नाव-बाजू-ऑपरेशन विचारतात ना तितक्या सहज. बऱ्याचदा नर्स पेशंटच्याच भाषेत करते, आपल्याला कळत काही नाही पण टेबलावरच्या माणसाचा श्वास संथ झालेला दिसतो.

दहाचा चहा ही तिकडे पवित्र गोष्ट आहे, शुगरची काळजी नको, वेळेवर खायला मिळतं, फक्त चहा दुधाचा आणि गोड, आधीच सांगून ठेवायचं. सोबत मंदाझी, म्हणजे आपल्या गोड पुरीची जाडजूड बहीण, किंवा चपाती. हो, चपातीच म्हणतात. औषधाला दावा, हिशोबाला हेसाबू, साबणाला साबुनी, दुकानाला दुका. पहिल्या आठवड्यात मला वाटलं स्वाहिली आपल्याला आलीच.

तिथेच आपटलो. हर्नियाची केस होती, सकाळी आठला घ्यायची. पेशंटला विचारलं शेवटचं कधी खाल्लं, तो म्हणाला "सा म्बिली उसिकु". म्बिली म्हणजे दोन, उसिकु म्हणजे रात्री, हे मला पाठ. रात्री दोनला हा माणूस उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) खाऊन आलाय म्हणून मी चिडलो, केस मागे ढकलली, सगळी लिस्ट उलटीपालटी केली. भूल देणारी नर्स (तिकडे बरीचशी भूल ट्रेनिंग घेतलेल्या नर्सच देतात, आणि फार चांगली देतात) आधी हसली, मग मला बाजूला घेऊन सांगितलं की स्वाहिली घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, रात्रीचे दोन म्हणजे आपले रात्रीचे आठ. तो बिचारा बारा तास उपाशी होता आणि माझ्यामुळे अजून तीन तास राहिला. मी जाऊन "पोले" म्हणालो, म्हणजे वाईट वाटतंय. तर तोच मला म्हणाला, पोले डाक्तारी.

आता कामाचं. त्या भागात अन्ननलिकेचा कॅन्सर खूप आहे, चाळिशीच्या आतलेसुद्धा पेशंट येतात, आणि येतात तेव्हा बहुतेकांचं ऑपरेशन करण्यासारखं राहिलेलं नसतं. मग स्टेंट टाकायचा, म्हणजे अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळीची नळी. एक आजोबा आले होते, हातात रिकामा दुधाचा डबा, थुंकी पण गिळता येत नव्हती म्हणून त्यात थुंकत बसलेले. आदल्या दिवशी स्टेंट टाकला. सकाळी राउंडला गेलो तर बसून चहा पीत होते, एक घोट, मग थांबायचं, खाली जातोय का बघायचं, मग दुसरा. शेजारच्या दोन्ही कॉटवरचे लोक उठून बघत होते. कॅन्सर होताच, तो कुठे गेला नव्हता. डबा मात्र कॉटखाली होता.

बाकी गलगंड, टायफॉइडने फुटलेली आतडी, पीळ पडलेलं मोठं आतडं, फिट येऊन चुलीत पडून भाजलेली माणसं. रात्री फोन वाजला तर नव्वद टक्के बोडाबोडा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. मांडीच्या हाडाला तिकडे साइन नावाचा रॉड घालतात, अमेरिकेतून फुकट येतो, सी-आर्मशिवाय (ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं मशीन) स्क्रू लॉक करता येतो, बदल्यात प्रत्येक केसचे एक्सरे त्यांना अपलोड करून पाठवायचे असतात. मी ऑर्थोचा नाही पण पाय धरायला उभा राहिलो.

आणि सरांना हे नक्की सांगा, तिकडे आपण हिरो नसतो. पीळ पडलेलं आतडं मी 22 वर्षांत जेवढं बघितलं नसेल तेवढं तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने (सर्जरी शिकणारा डॉक्टर) हाताळलेलं. पहिला आठवडा मी पुढे पुढे केलं, मग शहाणा झालो, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मदतनीस म्हणून उभा राहून रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरायला लागलो आणि विचारलं तरच बोलायचो.

भूलवाली_पुणे

वरचं सगळं मान्य, पण मी जरा कडू बोलते, राग मानू नका. महिनाभर येऊन मोठ्या केसेस करून विमानात बसणारे पाहुणे सर्जन मी बघितलेत (कुठे ते सोडा). सातव्या दिवशी आतडं शिवून केलेला जोड लीक झाला की निस्तरायचं कोणी? मिस्टरांना सांगा, शेवटच्या आठवड्यात आतड्याचा मोठा जोड स्वतःच्या हौसेने लावायचा नाही. दुसरं, गेली पंधरा वर्षं सगळं दुर्बिणीने केलं असेल तर ओपन पित्ताशय आणि सिझेरियन दोन्हीवर हात बसवून जा, रात्री तीनला "मी जनरल सर्जन आहे" हे उत्तर तिथे चालत नाही. आणि काही संस्था फक्त ख्रिस्ती डॉक्टरच घेतात, तुम्हाला तो प्रश्न नाही, पण बाकीच्यांनी अर्ज करायच्या आधी विचारून घ्या.

खानदेशी_काका

हर्नियाचा विषय निघालाच आहे तर, आमच्या धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाची जाळी (ऑपरेशनमध्ये कमकुवत जागी आतून लावतात ती) म्हणून वापरलं. लोक हसले असतील, पण पुढे तसलीच स्वस्त जाळी आफ्रिकेत गेली आणि 2016 ला युगांडातल्या ट्रायलचा पेपर आला, वर्षभराने बघितलं तर महागड्या जाळीत नि हिच्यात फरक नाही. सर तिकडे हर्निया करतील तेव्हा जाळी कुठली ते विचारू द्या, दोंडाईचा एखाद्या वेळी तिथे आधीच पोचलेलं असेल.

नैरोबीवाला

वहिनी, मी इथे 14 वर्षं आहे, डॉक्टर नाही, सामानाचं सांगतो. यलो फीव्हरची लस ठराविक सरकारमान्य सेंटरवरच मिळते, निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची, कार्ड हरवू नका, परत येताना आपल्याच एअरपोर्टवर मागतात आणि नसेल तर सहा दिवस क्वारंटाइन. 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए असतं, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, ऑनलाइन. डॉक्टरकीचं तात्पुरतं लायसन्स मात्र वेगळं, ते हॉस्पिटलवाले काढून देतात पण कागद दोन-तीन महिने आधी पाठवा. रविवारी चर्च दोन-तीन तास चालतं आणि पाहुण्याला उभं करून दोन शब्द बोलायला लावतात, तयारीत राहायला सांगा.

सुनंदा_सांगली

सगळ्यांचे आभार. ह्यांना फोनवर वाचून दाखवलं. रिट्रॅक्टरचं ऐकून गप्प झाले, मग म्हणाले बरोबर आहे त्याचं. सिझेरियनसाठी मैत्रिणीच्या नर्सिंग होमला दर गुरुवारी उभं राहायचं ठरवलंय. स्वेटर काढून ठेवला. नैरोबीवाले भाऊजी, कांदा-लसूण मसाला दिला तर चालेल का, की एअरपोर्टवर काढून घेतात?

नैरोबीवाला

मसाला खुशाल द्या, सीलबंद पाकीट असलं तर उत्तम. फक्त कॅरीबॅगमध्ये गुंडाळू नका, 2017 पासून इथे प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. स्टीलचा डबा, झाकण घट्ट, आणि दोन डबे द्या, एक वाटण्यातच संपेल.