रहस्यकथा सुचवताना ‘शेवट भन्नाट आहे’ म्हणणं बंद करा

निळीशाई

परवा भाचीने एक नवी कादंबरी हातात ठेवली. "मावशी, वाचच. शेवटी असला झटका आहे ना!" झालं. पहिल्या पानापासून मी गोष्ट वाचलीच नाही, झटका शोधत बसले. नवरा भलताच प्रेमळ आहे? म्हणजे पाणी मुरतंय. सांगणाऱ्या बाईला मधलं काही आठवत नाही? म्हणजे हीच. दीडशेव्या पानाच्या आत उलगडलं आणि उरलेली दोनशे पानं माझं बरोबर आलं का एवढं बघण्यासाठी उलटली.

तर माझं म्हणणं असं, की शेवटी झटका आहे हे सांगणं म्हणजे अर्धा शेवट सांगणंच. आणि खुनी कळल्यावर जी कादंबरी पुन्हा हातात घ्यावीशी वाटत नाही, ती कुणाला सुचवूच नये.

माझ्याकडून दोन. अगदी या महिन्यातल्या नाहीत, पण अर्नाळकर-शिरवळकर या जुन्या मराठी रहस्यकथाकारांना कोळून प्यायलेल्यांना नव्याच.

केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. जपानीत २००५ साली आली, इंग्रजीत २०११ मध्ये. खून सुरुवातीलाच होतो, आपल्यादेखत. मुलीला घेऊन राहणारी यासुको, पैशांसाठी मागे लागलेला तिचा घटस्फोटित नवरा, आणि कोतात्सूची वायर. (कोतात्सू म्हणजे खाली हीटर असलेलं बैठं टेबल, वर गोधडी टाकून पाय आत घालायचे.) शेजारी राहतो शाळेत गणित शिकवणारा इशिगामी. यासुको ज्या दुकानात काम करते तिथून रोज जेवणाचा डबा घेणारा. प्रेत लपवायचं काम तो अंगावर घेतो. कुणी मारलं, का मारलं, कशाने मारलं, सगळं आपल्याला ठाऊक. तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

दुसरी सुजाता मॅसी यांची ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’, २०१८. मुंबई, साल १९२१. वडिलांच्या फर्ममध्ये काम करणारी पारशी सॉलिसिटर पर्वीन मिस्त्री. एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा आपला वारसा दान करायला निघाल्यात आणि कागदावर एकीच्या सहीच्या जागी नुसती फुली. तिला मजकूर वाचता तरी आला असेल का? त्या पडद्यात राहतात, पुरुष वकील आत जाऊ शकत नाही. म्हणजे पर्वीनला पर्याय नाही. डिटेक्टिव्ह म्हणून बाई उगाच घातलेली नाही, त्या घराच्या रचनेमुळेच ती लागते. असं पुस्तक पाहिजे.

ठाणे_फास्ट

साफ अमान्य. पुन्हा वाचायला वेळ आहे कुणाला? वडापाव खाताना आपण विचार करतो का, की हा उद्या परत खाता येईल का?

मी रोज ठाणे-सीएसएमटी. एका हातात कडी, दुसऱ्यात फोन, पाठीवर कुणाची तरी सॅक. त्यात मला जपानी गणितज्ञाचं दुःख नको. घाटकोपरला उघडलेलं प्रकरण दादरच्या आत संपलं पाहिजे आणि संपताना पुढच्याला हात घालायला लावलं पाहिजे. माझी यादी: ‘द सायलेंट पेशंट’ (२०१९). चित्रकार बाई नवऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर एक अक्षर बोलत नाही. ‘द हाउसमेड’ (२०२२). कामाला ठेवलेल्या मुलीला माळ्यावरची खोली देतात, आणि त्या खोलीची कडी बाहेरून. बास, एवढ्यावर मी पाचशे पानं वाचीन.

आणि हो, दोन्हींचा शेवट भन्नाट आहे. करा काय करायचं ते.

निळीशाई

@ठाणे_फास्ट, बाहेरच्या कडीचं वाक्य सुंदर आहे. तेवढंच सांगून थांबला असतात तर मी आज रात्री घेतलं असतं.

कोपऱ्यातला_वाचक

सत्तरी ओलांडली आहे, म्हणून थोडं पाल्हाळ सहन करा.

आम्ही अर्नाळकर वाचायचो ते शेवटासाठी नव्हे. बाबूरावांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाइकांचंही तेच. एवढ्या संख्येत शेवट कितीसे वेगळे असणार? आम्ही अर्नाळकरांच्या नायकांसाठी वाचायचो: झुंजारसाठी, काळा पहाडसाठी, धनंजय आणि छोटूसाठी. पुढे मुलगा शिरवळकरांच्या दारा बुलंदसाठी वाचायला लागला. माणूस आवडला की खुनी कोण का असेना.

एक किस्सा सांगतो. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात पुस्तक आठ आण्याला मिळे, दोन दिवसांच्या बोलीवर. एकदा आणलेल्या पुस्तकात सतराव्या पानावर डॉक्टरच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ आणि समासात ‘हाच खुनी’. संताप संताप झाला, तरी आठ आणे गेलेले, म्हणून वाचलं. पानोपानी डॉक्टरवर डोळा. तो चहा पितोय, मला वाटतंय विष कालवतोय. शेवटी निघाला भलताच कुणीतरी! त्या पेन्सिलवाल्याने मुद्दाम लिहिलं होतं, की बिचाऱ्याचा अंदाज चुकला होता आणि खोडायचं राहिलं, देव जाणे. पण तेवढी मजा मला दुसऱ्या कुठल्या रहस्यकथेने दिली नाही.

नव्यांपैकी मला मानवली रिचर्ड ऑस्मन यांची ‘द थर्सडे मर्डर क्लब’ (२०२०). केंटमधली म्हाताऱ्यांची ऐसपैस वसाहत, दर गुरुवारी चौघं जमतात आणि जुन्या न सुटलेल्या खुनांच्या फायली उघडतात. मग दारातच ताजा खून. कोडं म्हणून जरा सैल आहे, कबूल. पण जॉइसची डायरी वाचा. खुनाबद्दल लिहिता लिहिता बाई केकवर घसरते.

वकीलीणबाई

मला तुम्हा सगळ्यांच्या शेवटांचाच त्रास आहे. झटका असो, कोडं असो, शेवटी दिवाणखान्यात मंडळी गोळा होतात, इन्स्पेक्टर भिंतीला टेकून उभा, आणि खुनी भडाभडा बोलतो. मग बेड्या. मग समाप्त.

अहो, पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही! १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात कलम २३. आकडा बदलला, गोष्ट तीच. आरोपी म्हणाला ‘सुरा विहिरीत टाकलाय’ आणि त्यावरून सुरा खरंच सापडला, तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं उपयोगाचं. बाकी केस उभी राहते पंचनाम्यावर. आणि पंच? मी असे पंच पाहिलेत जे साक्षीच्या पिंजऱ्यात सांगतात, ‘साहेब, चहा पाजला, सही घेतली, विहीर काय मी पाहिलीच नाही.’ खरा सस्पेन्स हा आहे. खुनी कोण ते सगळ्यांना माहीत, आणि तो सुटतोय.

यावर कुणी लिहा की मराठीत. सामान सगळं हाताशी आहे.

निळीशाई, मलबार हिलबद्दल निम्मी सहमत. कायदा चोख आहे. बाईंना वकील म्हणून उभं राहण्याचा हक्क देणारा कायदा १९२३ चा, त्यामुळे १९२१ ची पर्वीन कागदपत्रं करते, कोर्टात उभी राहत नाही, हे लेखिकेने बरोबर धरलंय. पण मधून मधून १९१६ मध्ये जाऊन तिच्या लग्नाची कर्मकहाणी! इकडे प्रेत पडलंय आणि आपण कलकत्त्याला सासुरवासात. मी ती प्रकरणं सरळ ओलांडली.

निळीशाई

@वकीलीणबाई, ओलांडलीत तिथेच चुकलात. सासरी दार बंद झालेली बाईच त्या तिघींच्या बंद दारापाशी जास्त वेळ थांबेल. ती प्रकरणं काढली तर पर्वीन नुसती हुशार उरते.

मोडीलिपी

निळीशाई, एक विचारू? झटक्यांवर एवढं तोंडसुख घेतलंत आणि पहिलीच शिफारस ‘सस्पेक्ट एक्स’? त्यात झटका नाही? सगळं आपल्याला ठाऊक म्हणे! या पुस्तकाला ‘होन्काकू’चा, म्हणजे वाचकाला सगळे धागे देऊन खेळलेल्या कोड्याचा, पुरस्कार मिळाला तेव्हा जपानात रणकंदन झालं होतं. लेखक रेइतो निकाइदो यांचा आक्षेपच होता, की वाचकाला उत्तर काढता येईल एवढे धागे दिलेलेच नाहीत, मग हे होन्काकू कसलं? मला विचाराल तर धागे आहेत, पण ते आपण जिथे बघत नाही तिथे आहेत.

मी ‘द डेकागॉन हाउस मर्डर्स’ सुचवतो. युकितो आयात्सुजी, १९८७. कॉलेजच्या रहस्यकथा मंडळातली मुलं एका बेटावरच्या दहा कोनी घरात राहायला जातात. एकमेकांना हाका मारतात जुन्या परदेशी रहस्यकथाकारांच्या नावांनी, एलरी, कार, पो, अगाथा अशा. पात्रं पुठ्ठ्याची आहेत, कोपऱ्यातल्या काकांना झुंजार मिळणार नाही. पण यंत्र म्हणून बघा, काटे कसे फिरतात ते. पुढचं काही बोलत नाही.

निळीशाई

पकडलंत. हो, आहे. पण मी ते सांगितलं नव्हतं, हाच तर माझा मुद्दा होता! आता तुम्ही सांगितलंत.

वकीलीणबाई

म्हणजे आरोपीने कबुली दिली. पोलीस हजर नव्हते, सबब ग्राह्य.

कोपऱ्यातला_वाचक

मोडीलिपी, ते दहा कोनी घर वाचनालयात मिळेल काय? मोबाइलवर मला दोन पानांच्या वर जमत नाही, आणि समासात कुणी काही लिहिलेलंही नसतं.

ठाणे_फास्ट

‘सस्पेक्ट एक्स’ कालच घेतलं. डबेवालं दुकान, नवरा, वायर, सगळं मुलुंड ते दादर. मोडीलिपींच्या कृपेने आता प्रत्येक पानावर इशिगामीकडे संशयाने बघतोय. आज दादरला उतरायचं होतं, थेट सीएसएमटीला जाऊन बसलो. उद्या संध्याकाळपर्यंत इथे कुणी एक शब्द बोलू नका.