दोन वर्षं जिमची इंजेक्शनं घेतली, आता रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य. परत येतात का?

कुर्टीकर
वय 31, फोंडा तालुक्यात राहतो, वेर्ण्याला कंपनीत शिफ्ट. लग्नाला अडीच वर्षं झाली, मूल होत नाही म्हणून आधी बायकोच्याच सगळ्या टेस्ट झाल्या, सोनोग्राफी, रक्त, नळ्यांचा एक्सरे, तिचं सगळं नॉर्मल. माझ्याकडे कोणी बघितलंच नाही कारण मी अंगाने दणकट, घरचे म्हणायचे ह्याला काय होणार. शेवटी गेल्या महिन्यात सॅम्पल दिलं तर काउंटच्या पुढे निल. दोन आठवड्यांनी परत दिलं, परत निल.

खरं सांगतो, जिममध्ये ट्रेनरच्या सांगण्यावरून दोन वर्षं दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतोय. पिवळसर तेलकट औषध, इतकं दाट की सुईतून उतरायला वेळ लागतो. तो म्हणाला हे पुरुषाचंच हार्मोन, बाप व्हायला उलट मदतच होईल. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर आहे मग शुक्राणू का नाहीत? अंडकोष पण आधीपेक्षा लहान झालेत असं वाटतं. गणेश चवथीला सगळं घर जमणार आणि काकी-मावशी बायकोलाच विचारणार, ते मला बघवत नाही. कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

लॅबवाली ताई, डिचोली
दादा, बारा वर्षं लॅबमध्ये असले रिपोर्ट बघतेय, हल्ली जिमवाली मुलं वाढलीत म्हणून नीट लिहिते. समज तुझं कुळागर आहे, म्हणजे माडा-पोफळींची बाग. विहिरीवर पंप, त्याचं पाणी पाटाने माडा-पोफळींना जातं आणि तोच पंप घरावरची टाकीही भरतो, टाकी भरली की पंप आपोआप बंद. आता तू रोज टँकर मागवून टाकी काठोकाठ भरलीस. पंप सुरूच होणार नाही. घरात नळाला पाणी धो धो आणि कुळागर मात्र वाळून गेलं.

टाकी म्हणजे तुझं रक्त. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच अशी दोन हार्मोन्स सोडते, एलएच अंडकोषाला सांगतं टेस्टोस्टेरॉन बनव, एफएसएच शुक्राणू बनवणाऱ्या पेशींना चालना देतं. शुक्राणू तयार व्हायला अंडकोषाच्या आत जेवढं टेस्टोस्टेरॉन लागतं ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं आणि ते तिथंच बनावं लागतं, बाहेरच्या इंजेक्शनने तेवढं तिथे पोचत नाही. मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो दोन्ही हार्मोन्स थांबवतो, आतलं काम बंद आणि अंडकोष आकसतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर हेच गर्भनिरोधक म्हणून वापरून बघितलेलं, 1990 मध्ये निकाल छापून आला, 271 निरोगी पुरुषांना आठवड्याला 200 मिलिग्रॅम, सहा महिन्यांत 157 जणांचा काउंट शून्यावर आला. आणि तुला सांगितलं मदत होईल म्हणून! वाचून खूप राग आला.

एफएसएच, एलएच करून घे. दोन्ही तळाला असतील तर बहुतेक काम फक्त थांबलंय, एफएसएच खूप वाढलेलं असेल तर अंडकोषातच बिघाड असू शकतो, तो वेगळा विषय. हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के ते) पण बघ, या इंजेक्शनांनी रक्त दाट होतं. छातीला गाठ किंवा दुखणं असेल तर लाजू नकोस, शरीर जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं त्यामुळे होतं ते.

वाळपईकर
भावा मी यातून गेलोय. मी रागाच्या भरात कोणाला न विचारता एका दिवसात बंद केलं आणि पुढचे तीन महिने फार वाईट गेले, अंगात त्राण नाही, इच्छा नाही, कारण नसताना रडायला यायचं, कारण बाहेरचं संपलेलं आणि आतलं अजून सुरू झालेलं नाही. मग डॉक्टरकडे गेलो, त्यांनी एचसीजीची (एलएचसारखंच काम करणारं हार्मोन) इंजेक्शनं आणि गोळ्या दिल्या. नावं विचारून स्वतः घेऊ नकोस, माझ्या ट्रेनरने पण 'रिस्टार्ट'चं पॅकेट पुढे केलेलं. पाचव्या महिन्यात मिलीला 10 लाख, अकराव्या महिन्यात 1 कोटी 80 लाख. शुक्राणू बनायलाच साधारण अडीच महिने लागतात म्हणून दर पंधरा दिवसांनी टेस्ट करून जीव जाळू नकोस. काहींना वर्ष-दोन वर्षं पण लागतात. माझी मुलगी आता बालवाडीत जाते.

पेडण्याची सून
नळ्यांच्या त्या एक्सरेला किती दुखतं ते मला विचार. पुरुषाची टेस्ट म्हणजे दोन ते सात दिवस संबंध न ठेवता डबीत सॅम्पल द्यायचं, ना सुई ना दुखणं, तरी ती शेवटी का? आमच्याकडे पण हेच झालं, दोष ह्यांच्या अंडकोषाच्या शिरा फुगण्यात होता, वेरिकोसील, म्हणजे काही न घेता पण होऊ शकतं. चवथीच्या आधी आईला तूच सांग. बायकोला सांगायला लावू नकोस.

कुर्टीकर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. टेस्ट केल्या. एफएसएच 0.2, एलएच 0.1, हिमॅटोक्रिट 55. ताई म्हणाल्या तसंच निघालं. डॉक्टर म्हणाले रक्त दाट झालंय, इंजेक्शन बंद, औषध सुरू केलंय, पुढचं सॅम्पल तीन महिन्यांनी. गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) चौकशी करा म्हणाले, तिथे सरकारी आयव्हीएफ आहे.

काल रात्री जेवणं झाल्यावर आईला सांगितलं, इंजेक्शनांसकट सगळं. ती बराच वेळ ताट तसंच हातात धरून बसली. मग ते मोरीत ठेवून बायकोकडे आत गेली आणि दोघी खूप उशिरापर्यंत बोलत होत्या.