अभ्यासकाने पुजारी व्हावं का? योनास त्रिंकूनास यांच्या निमित्ताने

रानवाटा:
लिथुएनियाचे लोकसंस्कृतीचे अभ्यासक योनास त्रिंकूनास (१९३९–२०१४) काही दिवस डोक्यातून जात नाहीत. त्यांचा देश १३८७ मध्ये ख्रिस्ती झाला, युरोपात जवळपास सगळ्यांच्या मागून. जुनी दैवतं गाण्यांत आणि शेतीच्या सणांत तग धरून राहिली. १९६७ च्या जूनमध्ये त्रिंकूनास आणि सोबत्यांनी केर्नावेच्या टेकड्यांवर वर्षातल्या सर्वांत लहान रात्रीचा सण पुन्हा सुरू केला. सोव्हिएत राजवटीला त्यात राष्ट्रवाद दिसला. १९७३ मध्ये त्यांना विद्यापीठातून काढलं, संशोधनाची दारं बंद झाली. पुढे जुन्या दैवतांना मानणारा 'रोमुवा' हा त्यांचा पंथ उभा राहिला आणि २००२ मध्ये ते त्याचे 'क्रिविस', म्हणजे मुख्य पुजारी झाले. गाण्या-सणांपायी ज्याची नोकरी गेली, त्याला तटस्थ राहा असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुराव्यानिशी:
त्यांनी सोसलं ते खरंच, पण सोसल्याने पुरावा तयार होत नाही. 'क्रिविस' आणि 'रोमुवा' ही नावंच पाहा. ती येतात पेटर फॉन डुसबुर्गच्या १३२६ च्या इतिवृत्तातून. हा ट्यूटॉनिक संघाचा, म्हणजे या भागावर चालून आलेल्या जर्मन ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा धर्मगुरू, थोडक्यात शत्रुपक्षाचा माणूस. वर तो बोलतोय शेजारच्या प्रशियातल्या एका पूजास्थानाबद्दल, लिथुएनियाबद्दल नव्हे. जुन्या पुजाऱ्याची तो थेट पोपशी तुलना करतो, म्हणून बरेच इतिहासकार त्याच्यावर भरवसा ठेवत नाहीत. तटस्थ अभ्यासक इथे थांबून शंका घेईल. त्याच पदावर बसलेला माणूस ती शंका किती मोकळेपणाने घेईल?

ओवी:
मी गाणं शिकते, म्हणून त्याच बाजूने लिहिते. त्रिंकूनास आणि त्यांच्या पत्नी इनिया (त्या समाजशास्त्रज्ञ) यांनी १९८९ मध्ये 'कुल्ग्रिंदा' हा गायनाचा गट काढला. तो 'सुतार्तिनेस' गातो. या गाण्यांत दोन आवाज एकमेकांना अगदी खेटून चालतात, मध्ये एका सुराचंही अंतर जेमतेम. मैत्रिणीबरोबर घरी करून पाहिलं. माझा आवाज सारखा तिच्या सुरावर जाऊन पडत होता. अर्ध्या तासाने कुठे दोघी आपापल्या जागी टिकलो आणि खोलीत घंटेसारखं काहीतरी घुमायला लागलं. हे कागदावरच्या नोटेशनमधून मला कधीच कळलं नसतं. आपल्या इरावती कर्वेही पंढरीची वाट स्वतः चालल्या, मगच त्यांनी लिहिलं.

पुराव्यानिशी:
उदाहरण चांगलं दिलंत. इरावतीबाई चालल्या, आणि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात हेही त्यांनी लिहिलं. ते त्यांना बोचत होतं, म्हणून लिहिलं. पण दिंडी त्यांच्या नावावर चालत नव्हती. चालणारा आणि चालवणारा यांत फरक आहे, माझं म्हणणं एवढंच आहे.

रानवाटा:
डुसबुर्गचा मुद्दा मला मान्य. नावं उसनी आहेत हे रोमुवाने ठळकपणे सांगावं. पण चालवायला दुसरं कोण होतं? २०१९ मध्येसुद्धा लिथुएनियाच्या संसदेने या पंथाला राज्यमान्यता नाकारली. २०२१ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यात हक्कभंग झाल्याचा निकाल दिला. तोवर त्रिंकूनास जाऊन सात वर्षं झाली होती आणि क्रिविसची जागा इनियाबाई सांभाळत होत्या.

पुराव्यानिशी:
मान्यता मिळायलाच हवी होती, २०२४ मध्ये ती मिळालीही, त्यावर वाद नाही. श्रद्धेचा हक्क तिच्या वयावर ठरत नाही. म्हणूनच ती प्राचीन असल्याचं सिद्ध करायचं ओझं अभ्यासकाने स्वतःच्या खांद्यावर घेऊ नये असं वाटतं.

ओवी:
हे पटलं. फक्त गाणी त्यातून वगळा. ती गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून उतरवलेली आहेत, डुसबुर्गकडून नाही.