मुंबई ते न्यूयॉर्क : १४ तास की १६?

ब-४०२ : सर्वांना नमस्कार. माझ्या सासूसासऱ्यांच्या न्यूयॉर्क प्रवासाबद्दल काल रात्री सोसायटीच्या या गटावर जे हिशेब मांडले गेले, त्यांमुळे घरात विनाकारण घबराट झाली आहे. विमान रात्री १.३० ला सुटून त्याच सकाळी ८ ला उतरते, म्हणून प्रवास साडेसहा तासांचा असे कोणी सांगते, तर कोणी १४ तास सांगते. सासूबाईंना मधुमेह आहे आणि गोळ्यांच्या वेळा ठरवायच्या आहेत, हे ठाऊक असताना कृपया अंदाजाने लिहू नये.

अ-१०१ : सूनबाई, हा अंदाज नव्हे. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, वेग ताशी ९००. भागाकार केला की १४ तास येतात.

क-३०३ : काका, भागाकार बरोबर आहे, परंतु १२,५०० हे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि आपल्या कंपन्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. शिवाय साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात, त्यामुळे परतीचा प्रवास बहुधा तास-दीड तासाने लवकर संपतो.

अ-१०१ : वेग ताशी ९०० असतो, हे सर्वत्र छापलेले आहे. १२,५०० भागिले ९००, म्हणजे १४ तास.

क-३०३ : तो हवेतला वेग आहे, काका. समोरून ताशी ८० किलोमीटरचा वारा असला, तर जमिनीवरून मोजलेला वेग ८२० च भरतो.

ब-२०४ : साडेसहा तासांचा घोळ घड्याळाचा आहे. न्यूयॉर्क सध्या आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. ते मिळवले की १६ तास होतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे एक तास मागे गेली की हाच फरक साडेदहा होईल. माझ्या मुलीच्या वेळीही मी हे लिहिले होते, तेव्हा मात्र कोणी वाचण्याची तसदी घेतली नाही.

सचिव : जुने विषय कृपया येथे काढू नयेत.

ब-२०४ : विषय जुना नाही, सचिवसाहेब. तोच प्रश्न पुन्हा आला आहे.

अ-१०१ : १२,५०० भागिले ९००. कोणीही करून पाहावे.

ड-१०२ : ताई, १२ तारखेला रात्री नऊला मी गाडी काढतो. तीन तास आधी पोहोचायला हवे.

क-३०३ : थांबा! विमान १२ तारखेच्या रात्री १.३० चे, म्हणजे ११ ची मध्यरात्र उलटल्यावरचे आहे. घर ११ च्या रात्रीच सोडायला हवे. १२ च्या रात्री निघालात, तर विमान केव्हाच गेलेले असेल.

ब-४०२ : फार मोठा घोटाळा टळला, मनापासून आभार. तर ११ तारखेला रात्री नऊ वाजता निघायचे. दोन गोळ्यांमधले अंतर किती तासांचे ठेवायचे, हे १६ तास धरूनच डॉक्टरांना विचारते, आणि उतरेपर्यंत बाबांचे मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवायला सांगते.