तेविसावा सीझन की तेरावा?

सायलेन्सर (धागाकर्ता)
बीबीसीच्या टॉप गिअर या गाड्यांच्या कार्यक्रमाबद्दल काल एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं, "टॉप गिअरचा २३वा सीझन म्हणजे कार्यक्रमाचा तेरावा. सूत्रसंचालक क्लार्कसन गेला, विषय संपला." उत्तर तिथेच देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, तेरावा घालायला आधी कुणी मरावं लागतं. २०१६ चे ते सहाही भाग परवा पुन्हा पाहिले. नवा सूत्रसंचालक ख्रिस इव्हान्स ओरडतो, मान्य. रेडिओवर रोज सकाळी लोकांना उठवायची सवय, तोच आवाज स्टुडिओत लावला. पण एरियल नोमॅड गाडी घेऊन मोरोक्कोत गेलेला मॅट लब्लांक बघा, काय निवांत माणूस! रोरी रीड तर ऑडिशन देऊन आलेला. आणि ख्रिस हॅरिस गाडीबद्दल बोलतो तेव्हा खरंच गाडीबद्दल बोलतो. स्टिग (हेल्मेटमागचा निनावी ड्रायव्हर) धरून सात जणांची वरात काढली आणि रीड-हॅरिसला मागे चालायला लावलं, चूक ही होती. सीझन वाईट नव्हता, वाढणारा वाईट होता.

डबल_डिक्लच
भावना पोचल्या. आता आकडे. २९ मे च्या पहिल्या भागाला त्या रात्रीच्या मोजणीत ४४ लाख प्रेक्षक, ३ जुलैच्या शेवटच्याला १९ लाख. ४ जुलैला इव्हान्सचा राजीनामा. पिंडाला कावळा शिवला म्हणायचं की नाही?

सायलेन्सर
३ जुलैच्या संध्याकाळी युरो कपात फ्रान्स-आइसलँड होती. तेही सांगा की.

डबल_डिक्लच
दुसऱ्याच आठवड्यात २८ लाखांवर आले होते. तेव्हा युरो सुरूही झाला नव्हता. बाकी चालू द्या.

जुना_जॅग्वार
आकडे सोडा. आम्ही कराडच्या होस्टेलवर पेनड्राइव्हमधून टॉप गिअर पाहिलंय. एका खोलीत अकरा जण, एक लॅपटॉप, निम्म्यांना इंग्रजी कळत नव्हतं, तरी हसायचे. क्लार्कसन, हॅमंड आणि मे या जुन्या तिघांची टिंगल बघायला गाड्यांतलं ज्ञान लागायचं नाही. ती मैत्री भाड्याने आणता येत नाही.

सायलेन्सर
मैत्रीचं कौतुक आहेच. पण क्लार्कसनला बीबीसीने उगीच घालवलं का? मार्च २०१५, शूटिंगनंतर हॉटेलात गरम जेवण नाही म्हणून निर्मात्यावर हात उचलला. आमच्याकडे लग्नात मुलाकडची मंडळीसुद्धा एवढ्यावर मारामारी करत नाहीत.

जुना_जॅग्वार
दहा लाखांहून जास्त लोकांनी त्याला परत घ्या म्हणून सह्या केल्या होत्या. सगळे मूर्ख?

मावळकर
मैत्री म्हणे. २०११ चा इंडिया स्पेशल विसरलात? जॅग्वार एक्सजेएसच्या डिकीवर कमोड बसवून हा माणूस आमच्या देशात फिरला.

माझे मामा डबेवाले, पार्ले ते चर्चगेट, एकतीस वर्षं. त्या भागात हे तिघे डबेवाल्यांच्या लोकलऐवजी गाड्यांतून डबे पोचवायला निघतात. मामांना लॅपटॉपवर दाखवलं. आधी पोट धरून हसले. म्हणाले, "मुंबईत डबा गाडीत घातला की तो जेवणाचा राहत नाही, चहाच्या वेळेचा होतो." मग कमोड आला. मामा एकदम गप्प. डोक्यावरची टोपी काढून झटकत बसले. मला तेव्हापासून क्लार्कसनचं तोंड बघवत नाही.

जुना_जॅग्वार
विनोद आहे हो तो! त्या भागात खरी फजिती त्या तिघांचीच होते. डबेवाले तर सिक्स सिग्मा (जवळजवळ शून्य चुकांचा दर्जा) सर्टिफाइड, त्यांना कोण हरवणार!

डबल_डिक्लच
हे सिक्स सिग्मा प्रकरण थांबवा कुणीतरी. सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट काही नाही. १९९८ ला फोर्ब्जमध्ये लेख आला, त्यावरून गावभर झालं.

मावळकर
सर्टिफिकेट नसेल. डब्यावरची रंगाची खूण वाचून दिवसाला चाळीस डबे योग्य टेबलावर ठेवून दाखवा, मग बोलू. एसीत बसून आकडे टाइप करणं सोपं असतं.

डबल_डिक्लच
मी डबेवाल्यांविरुद्ध एक अक्षर लिहिलेलं नाही. नीट वाचा. तुमचा राग क्लार्कसनवर आहे, तो माझ्यावर काढू नका.

लेस्टरवासी
तो भाग लागला तेव्हा मी इथे इंग्लंडातच होतो. नवीन वर्षाची सुट्टी संपवून ऑफिसला गेलो, तर शेजारच्या टेबलावरच्याने अगदी आपुलकीने विचारलं, "तुमच्याकडे प्रवासात खरंच ते सोबत न्यावं लागतं का?" विनोद आहे म्हणणाऱ्यांनी त्याला उत्तर देऊन दाखवावं. आपल्या हाय कमिशनने बीबीसीकडे तक्रार केली होती, ती काय विनोद कळला नाही म्हणून?

जुना_जॅग्वार
बरं बाबा. कमोड नको होता. मामांना सांगा, कराडचे अकरा जण माफी मागतात. पण त्याच भागात मेची रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो आणि हॅमंडची मिनी हिमालयात जातात, ते पाहताना आजही अंगावर काटा येतो. हे माझ्याकडून कुणी काढून घेऊ नका.

मावळकर
मिनी छान होती. एवढंच देतो.

सायलेन्सर
मंडळी, धागा २३व्या सीझनचा आहे.

जुना_जॅग्वार
हॅरिस चांगला आहे, हेही लिहून देतो, हवं तर स्टँपपेपरवर. पण पंधरा प्रतिसाद झाले. तुमच्या त्या सहा भागांतला एक प्रसंग तरी कुणी स्वतःहून काढला का? सगळे २०११ वरच भांडतायत.