आयसेनमनचं ‘हाऊस ६’: घर की ड्रॉइंगचा हट्ट?

कोनमापक: अमेरिकन वास्तुविशारद पीटर आयसेनमनच्या ‘हाऊस ६’ या घराची अ‍ॅक्सोनोमेट्रिक (तिरक्या कोनातून तिन्ही मिती एकत्र दाखवणारी) ड्रॉइंग्ज देखणी आहेत, वादच नाही. घनाचे छेद घ्यायचे, सरकवायचे, फिरवायचे. त्यातून घर उभं राहतं. पण १९७५ मध्ये कनेक्टिकटमधल्या कॉर्नवॉलला ते खरोखर बांधून झालं आणि त्यात एक जोडपं राहणार होतं! बेडरूमच्या जमिनीत काचेची फट, म्हणून दोघांचे पलंग दोन बाजूंना. डोक्यावर उलटा टांगलेला लाल जिना. कागदावरचा नियम मोडू नये म्हणून नवरा-बायकोने वेगळं झोपायचं? असले प्रयोग मॉडेलवर करावेत.

उंबरठा: साफ असहमत. सुट्टीत राहायचं घर होतं ते, आणि मालकीणबाई सुझान फ्रँक स्वतः वास्तुकलेच्या अभ्यासक. १९९४ मध्ये त्यांनी या घरावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याआधी मोठी दुरुस्ती निघाली तेव्हाही त्यांनी घर विकलं नाही, टिकवलं. त्यांच्या वतीने आपण कशाला गळा काढायचा?

कोनमापक: टिकवलं म्हणजे सोयीचं होतं असं नाही ना!

आडवाट: प्रयोगाला ना नाही, पण वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंचुरीने आईसाठी फिलाडेल्फियात बांधलेलं घर (१९६४) पाहा. बरीच वर्षं आराखडे बदलत राहिला. मधली जागा चुलाण्याच्या धुराड्यालाही हवी, जिन्यालाही. म्हणून जिना धुराड्यापाशी अरुंद होतो. माडीवरचा आणखी एक छोटा जिना तर थेट भिंतीला जाऊन भिडतो. खोडी आहेच, पण त्यावर चढून उंचावरची खिडकी पुसता येते. म्हातारीची झोप काही मोडली नाही.

उंबरठा: व्हेंचुरीचं कौतुक सगळेच करतात, त्याचं घर पचायला सोपं आहे म्हणून. वास्तुविशारद जॉन हेडकचं ‘वॉल हाऊस २’ घ्या. १९७०च्या दशकातलं डिझाइन, बांधून झालं २००१ मध्ये, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला. तोवर हेडक गेलेला. मधे प्रचंड भिंत, एकीकडे खोल्या, दुसरीकडे जिना. वरच्या खोलीत जायचं तरी भिंत ओलांडा. ते पायाखाली कसं लागतं, हे मॉडेल सांगणार नव्हतं. ड्रॉइंगमधली भिंत डोळ्यांना एक रेघच दिसते.

कोनमापक: आणि तिथे कायमचा संसार कोण करतं? प्रदर्शनं भरतात, कलाकार येऊन-जाऊन राहतात. म्हणजे माझंच म्हणणं झालं की!

उंबरठा: अजिबात नाही. बांधलं म्हणूनच तर हे कळलं.